सगळीच जहाजे गलबते नव्हेत

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय: चाचेगिरीच्या काळातील जहाजांची नावे आणि चित्रे

आपल्या रविवारच्या पुरवणीत चाचेगिरीच्या सुवर्णकाळावर आलेला मोठा लेख आम्ही आवडीने वाचला. मराठीत या विषयाला इतकी जागा क्वचितच मिळते, म्हणून आधी आभार. पण लेखात स्लूप, ब्रिगँटाइन, गॅली, गॅलिऑन ही नावे एकमेकांच्या जागी वापरली आहेत आणि पुढे पुढे तर सरसकट सगळ्यांनाच ‘गलबत’ म्हटले आहे. सोबतच्या चित्रात ब्लॅकबिअर्ड या कुप्रसिद्ध चाच्याची शेवटची लढाई तीन डोलकाठ्यांच्या, तीन मजले तोफा असलेल्या अवाढव्य जहाजावर दाखवली आहे. ती लढाई तशा जहाजावर झाली नाही, आणि तिथे तसे जहाज तरंगलेही नसते.

हा शब्दांचा कीस नाही. त्या काळी, म्हणजे ढोबळ मानाने १६५० ते १७३० या वर्षांत, जहाजाची जात ऐकली की खलाशाला तीन गोष्टी कळत: डोलकाठ्या किती, शिडे कशी टांगलेली, आणि साधारण किती पाणी लागते. कोण कोणाला गाठणार, कोण निसटणार आणि कोण फासावर जाणार, हे पुष्कळदा याच तीन गोष्टींनी ठरवले.

चित्रातल्या लढाईपासूनच सुरुवात करू. २२ नोव्हेंबर १७१८ रोजी नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यालगत ओक्राकोक बेटाच्या आडोशाला ब्लॅकबिअर्डचा ‘ॲडव्हेंचर’ हा स्लूप नांगरलेला होता. त्याच्यावर वीसेक माणसे आणि आठ-नऊ तोफा होत्या. त्याला पकडायला आलेल्या ब्रिटिश आरमाराच्या ‘पर्ल’ आणि ‘लाइम’ या युद्धनौका व्हर्जिनियातच थांबल्या होत्या, कारण त्या खाजणात त्यांच्यापुरते पाणीच नव्हते. म्हणून व्हर्जिनियाचा गव्हर्नर स्पॉट्सवुड याने ‘जेन’ आणि ‘रेंजर’ हे दोन व्यापारी स्लूप भाड्याने घेतले आणि लेफ्टनंट मेनार्डने त्यांवर सुमारे साठ माणसे चढवली. या दोन्हींवर एकही तोफ नव्हती, फक्त बंदुका, पिस्तुले आणि तलवारी. वाळूत रुतल्यावर मेनार्डने तळातले दगडगोटे आणि पाण्याची पिंपे समुद्रात फेकून स्लूप हलके केले आणि पुढे सरकला. ‘ॲडव्हेंचर’च्या एका सरबत्तीत त्याची वीसच्या आसपास माणसे पडली. उरलेल्यांना त्याने डेकखाली लपवले. डेक रिकामा पाहून ब्लॅकबिअर्ड माणसे घेऊन उडी मारून चढला आणि तिथेच मारला गेला. म्हणजे चित्र काढायचेच तर एका डोलकाठीची तीन छोटी जहाजे, खाली हिरवट उथळ पाणी आणि पाण्यात दिसणारे वाळूचे पट्टे, असे काढावे लागेल.

आता जहाज ओळखायचे कसे, ते सांगतो. आधी डोलकाठ्या मोजाव्यात, मग शिडे पाहावीत. शिडे टांगण्याचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात डोलकाठीवर परबाण, म्हणजे एक आडवी काठी, असते आणि त्याला चौकोनी शीड लटकते. ते जहाजाच्या रुंदीच्या दिशेने पसरते. वारा मागून असला की याच्यासारखी ताकद दुसऱ्या शिडाला नाही. अटलांटिक ओलांडणारी मोठी जहाजे म्हणूनच चौकोनी शिडांची असत. पण परबाण एका हद्दीपलीकडे फिरत नाही, कारण डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणारे दोर त्याच्या आड येतात. त्यामुळे असे जहाज वाऱ्याच्या दिशेपासून साधारण साडेसदुसष्ट अंशांपेक्षा जवळ जाऊ शकत नाही. त्या काळच्या होकायंत्राच्या भाषेत ३२ घरांपैकी सहा घरे. दुसऱ्या प्रकारात शिडाची एक कड डोलकाठीलाच बांधलेली असते आणि शीड जहाजाच्या लांबीच्या दिशेने उभे राहते. ते दाराच्या फळीसारखे डोलकाठीभोवती फिरते, म्हणून जहाज वाऱ्याच्या तोंडाशी पन्नासेक अंशांपर्यंत जाऊ शकते.

हा फरक कागदावर लहान वाटतो, तो आकड्यात मांडून पाहावा. वारा ज्या दिशेने येतो त्या दिशेला दहा मैल जायचे आहे. सरळ जाता येत नाही, नागमोडी टप्पे घेत जावे लागते. साडेसदुसष्ट अंशांवर चालणाऱ्या जहाजाला त्यासाठी सव्वीस मैल पाणी कापावे लागते. पन्नास अंशांवर चालणाऱ्याला साडेपंधरा मैल पुरतात. त्यातच चौकोनी शिडांचे जड जहाज प्रत्येक टप्प्यावर वाऱ्यासरशी बाजूला घसरते ते वेगळे. पाठलाग होत असताना चाचे वाऱ्याच्या तोंडावर का पळत, याचे उत्तर या हिशेबात आहे.

स्लूप हा या दुसऱ्या प्रकारातला, आणि या काळातला सर्वांत महत्त्वाचा. एकच डोलकाठी, बहुधा किंचित मागे झुकलेली. तिच्यामागे मोठे मुख्य शीड: वरची कड गॅफ नावाच्या तिरप्या काठीला, खालची कड बूम नावाच्या आडव्या काठीला. बूम इतका लांब की जहाजाच्या मागे बाहेर डोकावतो. पुढे नाळेतून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकातून, निघालेल्या लांब काठीपर्यंत दोन-तीन त्रिकोणी शिडे. वारा मागचा असेल तर वर एखादे चौकोनी शीडही चढवत. जमैका आणि बर्म्युडाचे स्लूप विशेष नावाजलेले होते. बर्म्युडात ते तिथल्या ‘सीडर’ नावाच्या लाकडाचे करत. ते हलके, आणि कीड व कुज दोन्हींना दाद न देणारे. असा शंभरेक टनांचा स्लूप साधारण आठ फूट पाण्यात चाले. (त्या काळी टन हे वजन नसे. दारूची किती मोठी पिंपे पोटात मावतात त्यावरून ते ठरे, म्हणून आजच्या टनांशी तुलना करू नये.) व्यापारी स्लूपवर आठ-दहा माणसे काम भागवत. त्याच स्लूपवर चाचे सत्तर-ऐंशी चढत. ती जास्तीची माणसे शिडांसाठी नसत, समोरच्या जहाजावर उडी घेण्यासाठी असत.

स्लूपची उणीवही सांगायला हवी. तो लांबलचक बूम वारा मागून असताना धोक्याचा. सुकाणूवाल्याचे दुर्लक्ष झाले आणि वारा शिडाच्या उलट बाजूला शिरला, की बूम एका झटक्यात या कुशीवरून त्या कुशीवर फिरतो. वाटेतला माणूस समुद्रात आणि ताणलेले दोर तुटलेले. शिवाय डोलकाठी एकच असल्यामुळे तिला गोळा लागला तर सगळा खेळ संपतो. पोटात जागा कमी, म्हणून अन्नपाणी थोडे. सत्तर माणसांचा स्लूप फार दिवस खुल्या समुद्रात राहू शकत नाही, त्याला किनारा धरूनच राहावे लागते.

त्याहून लहान साधनेही चाच्यांनी वापरली. सतराव्या शतकातले कॅरिबियन लुटारू एका झाडाच्या बुंध्यातून कोरलेल्या होड्यांतून रात्री वल्ही मारत मोठ्या स्पॅनिश जहाजाच्या मागच्या बाजूला जात, कारण तिकडे तोफा कमी असत. बहामा बेटांवरच्या नॅसॉ बंदरातल्या चाच्यांनीही १७१४च्या सुमारास पेरिआग्वा नावाच्या अशाच, पण शीड लावलेल्या मोठ्या होड्यांपासून आरंभ केला. बेंजामिन हॉर्निगोल्ड त्यांतलाच. जॅक रॅकमने ऑगस्ट १७२० मध्ये नॅसॉतून पळवलेला ‘विल्यम’ हा स्लूप तर अवघा बारा टनांचा होता आणि त्यावर डझनभर माणसे होती. ॲन बॉनी आणि मेरी रीड या स्त्री-चाच्या त्यावरच पकडल्या गेल्या. कुठल्याही चित्रात हे जहाज इतके लहान दाखवलेले आम्ही पाहिलेले नाही.

दोन डोलकाठ्यांच्या जहाजांत गोंधळ सर्वांत जास्त होतो. ब्रिगँटाइनच्या पुढच्या डोलकाठीवर चौकोनी शिडे आणि मागच्या डोलकाठीवर गॅफचे मोठे शीड असते, म्हणजे दोन्ही वाऱ्यांची सोय. ब्रिगच्या दोन्ही डोलकाठ्यांवर चौकोनी शिडे. स्नो ब्रिगसारखाच दिसतो, पण त्याच्या मागच्या डोलकाठीला अगदी चिकटून एक बारीक काठी उभी केलेली असते आणि मागचे शीड त्या काठीवर चढते. लांबून ती दिसतही नाही. पिंक ही शिडांवरून ठरणारी जात नाही, मागची बाजू निमुळती असलेल्या मालवाहू जहाजाला पिंक म्हणत. स्कूनरच्या दोन्ही डोलकाठ्यांवर लांबीच्या दिशेची शिडे असतात. चाच्यांच्या चित्रांत स्कूनर फार दिसतो, पण ‘स्कूनर’ हे नावच अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात न्यू इंग्लंडमध्ये रूढ होऊ लागले. एडवर्ड लो या चाच्याने १७२२ मध्ये मार्बलहेडच्या मासेमारांचा एक स्कूनर पळवला, तोवर हा काळ उताराला लागला होता. सतराव्या शतकातल्या मॉर्गन किंवा किडच्या हाती स्कूनर देणे म्हणजे शिवकाळातल्या मावळ्याच्या हाती काडतुसाची बंदूक देणे.

तीन डोलकाठ्यांचे, सर्वांवर चौकोनी शिडे असलेले जहाज चाच्यांकडे नव्हतेच असे नाही. प्रसिद्ध नावे त्यांचीच आहेत. पण ती आली कुठून, ते पाहायला हवे. सॅम बेलमीचे ‘व्हायडा’ १७१५ मध्ये लंडनला बांधलेले ३०० टनांचे गुलामवाहू जहाज. फेब्रुवारी १७१७ मध्ये त्याने ते पकडले. ब्लॅकबिअर्डचे ‘क्वीन ॲन्स रिव्हेंज’ म्हणजे नांतचे ‘ला कोंकोर्द’ हे फ्रेंच गुलामवाहू जहाज, नोव्हेंबर १७१७ मध्ये मार्टिनिकजवळ हाती लागलेले. माणसांचा तो व्यापार करणारी जहाजे वेगवान बांधत, कारण प्रवास लांबला की पोटात कोंडलेली माणसे मरत आणि मालकाचा नफा बुडे. त्यांना तोफाही असत. चाच्यांना आयतेच लागेल ते मिळे.

पकडलेले जहाज जसेच्या तसे वापरत नसत. आधी मागच्या बाजूचे उंच माळे आणि खोल्या तोडून टाकत. वाऱ्याला अडणारी भिंत गेली की जहाज हलके होते, बाजूला कमी घसरते, आणि लढाईत डेकवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावायला मोकळी जागा मिळते. मग बाजूच्या फळ्यांत तोफांसाठी नव्या खिडक्या कापत. इथे चूक झाली तर जहाजच खिळखिळे होते: खिडकी दोन बरगड्यांच्या मधल्या जागेत न कापता बरगडी तोडून कापली, तर तोफ मागे उसळल्याचा धक्का सबंध कुशीला बसतो आणि फळ्यांच्या फटी उघडतात. दुसरी चूक वजनाची. सहा पौंडी गोळ्याची एक लोखंडी तोफ पाऊण टनाहून जड असते. अशा दहा तोफा वरच्या डेकवर वाढवल्या आणि तळात तितके नीरम, म्हणजे दगडगोट्यांचे वजन, घातले नाही, तर वादळात जहाज कलंडल्यावर परत सावरत नाही. नीरम वाढवले तर ते आणखी खोल बुडते आणि उथळ पाण्यात जाण्याची सोय जाते. ‘व्हायडा’वर तोफा १८ वरून २८ केल्या होत्या. २६ एप्रिल १७१७ च्या वादळात ते केप कॉडच्या वाळूवर आपटून उलटले. त्या जहाजावरचे फक्त दोघे वाचले. १९८४ मध्ये त्याचे अवशेष सापडले आणि पुढच्या वर्षी नाव कोरलेली घंटा वर आली.

‘क्वीन ॲन्स रिव्हेंज’चा शेवटही त्याच्या आकाराने केला. मे १७१८ मध्ये चार्ल्सटनच्या बंदराची नाकेबंदी करताना चाळीस तोफांचे ते जहाज कामाला आले. जूनमध्ये ब्लॅकबिअर्ड ते घेऊन आजच्या ब्युफोर्टच्या खाडीमुखातून आत शिरू लागला आणि ते वाळूच्या दांड्यावर चढले. ओढून काढायला गेलेला स्लूपही तिथेच रुतला. १९९६ मध्ये सापडलेल्या अवशेषांत इंग्लंडमध्ये ओतलेल्या तोफा आहेत, तशा स्वीडनमध्ये ओतलेल्याही. मिळेल तिथून तोफ उचलायची आणि मग प्रत्येकीच्या मापाचे गोळे वेगळे साठवायचे, अशी ती गत. खुद्द ब्लॅकबिअर्ड तिथून छोट्या स्लूपवर गेला, आणि पाच महिन्यांनी वर सांगितलेल्या लढाईत मारला गेला.

जुने जहाज कापून वेगवान करण्याचे सर्वांत मोठे उदाहरण हिंदी महासागरातले आहे. हेन्री एव्हरीने मे १६९४ मध्ये स्पेनच्या आ कोरुन्या बंदरात बंड करून ४६ तोफांचे ‘चार्ल्स दुसरा’ हे जहाज ताब्यात घेतले, त्याला ‘फॅन्सी’ नाव दिले आणि वरचे बांधकाम उतरवून ते हलके केले. सप्टेंबर १६९५ मध्ये सुरतेकडे परतणारे मोगल बादशहाचे ‘गंज-इ-सवाई’ त्याने गाठले. ते ‘फॅन्सी’हून कितीतरी मोठे होते आणि त्यावर तोफा व सैनिकही अधिक होते. पण त्याची एक तोफ स्वतःच्याच डेकवर फुटली आणि ‘फॅन्सी’च्या गोळ्यांनी मुख्य डोलकाठी कोसळली. डोलकाठी पडली की शिडे, परबाणे आणि दोरखंड यांचा ढिगारा डेकवर व तोफांवर पसरतो. त्या बाजूच्या तोफा डागताच येत नाहीत, डागल्या तर शिडाला आग लागते. मोठेपणाचा मग काही उपयोग राहत नाही.

शिडांबरोबर वल्ही असलेल्या जहाजांना इंग्रज गॅली म्हणत. भूमध्य समुद्रातल्या, बांधलेल्या गुलामांकडून वल्हवल्या जाणाऱ्या गॅलींशी त्यांचा संबंध नावापुरता. विल्यम किडची ‘ॲडव्हेंचर गॅली’ १६९५ मध्ये डेटफर्डला बांधली: २८७ टन, ३४ तोफा, ४६ वल्ही. वारा पडला की चौकोनी शिडांचे जहाज जागेवर थिजते. किड तेव्हा वल्ह्यांवर निसटू शकत असे. पण लाकूड घाईने जुळवलेले आणि समुद्र उष्ण. दोन वर्षांत तिचा तळ इतका गळू लागला की पंप अखंड चालवावे लागत. जानेवारी १६९८ मध्ये मलबार किनाऱ्याबाहेर ‘केदा मर्चंट’ हे श्रीमंत जहाज हाती लागले, आणि मादागास्करजवळच्या सेंट मेरी बेटावर पोहोचल्यावर ‘ॲडव्हेंचर गॅली’ सोडूनच द्यावी लागली. कुठल्याही तोफेने तिला बुडवले नाही, ती कुजून गेली.

या कुजण्याबद्दल आपल्या लेखात एक ओळही नाही, आणि आम्हाला तीच सर्वांत मोठी उणीव वाटली. उष्ण समुद्रात टेरेडो नावाचा जीव लाकूड पोखरतो. त्याला किडा म्हणतात, पण तो शिंपल्यांच्या कुळातला. फळीवर टाचणीच्या टोकाएवढे भोक दिसते आणि आत बोटाएवढे बोगदे पडलेले असतात. शिवाय शेवाळ आणि बार्नेकल नावाचे चिकटून बसणारे कवचधारी जीव यांची दाट लव तळाला चढते आणि वेग पार मारून टाकते. चाच्याचे पोट वेगावर. म्हणून त्याला दर दोन-तीन महिन्यांनी जहाज कुशीवर पाडून तळ साफ करावा लागे. तांब्याचे पत्रे तळाला ठोकण्याचा प्रयोग ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये केला, म्हणजे चाच्यांच्या जहाजाला तांबूस तळ रंगवणे ही चित्रकाराची चूक. या काळात फार तर मूळ फळ्यांवर केस आणि डांबर यांचा थर देऊन वर पातळ फळ्यांचे दुसरे कातडे ठोकत. किडा ते खाई, आतले जहाज काही काळ वाचे. जहाज गोड्या पाण्याच्या नदीत काही आठवडे उभे करणे हाही उपाय होता, कारण टेरेडो गोड्या पाण्यात मरतो.

कुशीवर पाडण्याचे काम असे चाले. वाळूचा, खडक नसलेला, समुद्रावरून न दिसणारा किनारा शोधायचा. जवळ गोडे पाणी आणि मजबूत झाडे हवीत. आधी तोफा उतरवून खाडीच्या तोंडावर रोखून मांडायच्या. मग माल, पाणी, नीरम, वरच्या डोलकाठ्या उतरवायच्या. पाण्याखाली जाणाऱ्या बाजूच्या तोफांच्या खिडक्या आणि डेकवरची झाकणे घट्ट बंद करून फटी बुजवायच्या. भरतीला जहाज शक्य तितके वर आणायचे. डोलकाठ्यांच्या माथ्यापासून झाडांपर्यंत कप्प्यांतून दोर ओवायचे आणि सावकाश ओढायचे. सगळा ताण डोलकाठीच्या बुडाशी येतो, म्हणून तिला डेकवरून तिरप्या काठ्यांचे टेकू द्यावे लागतात. ते विसरले तर डोलकाठी मोडते. तळ वर आला की पेटलेल्या चुडी फिरवून जुना थर आणि शेवाळ भाजायचे आणि खरवडायचे. जाळ एका जागी जास्त वेळ धरला तर फळीच पेटते. मग फळ्या ठोकून पाहायच्या. पोकळ आवाज आला की फळी बदलायची. फटींत जुन्या दोरांचे पिंजलेले धागे ठासायचे, वर तापलेले डांबर, आणि शेवटी चरबी, गंधक व राळ यांचा थर. मग जहाज तरंगवून, फिरवून दुसरी कूस. स्लूप ओहोटीला नुसता वाळूवर बसवला तरी पुढच्या भरतीपर्यंत एक बाजू साफ होई. तीन डोलकाठ्यांच्या जहाजाला आठवडे लागत, आणि तेवढे दिवस चाचे बिनजहाजाचे असत.

यात काय बिघडू शकते ते एडवर्ड लोच्या बाबतीत दिसले. ‘रोझ’ नावाचे पिंक साफ करताना त्याने दोरांवर आणि परबाणांवर इतकी माणसे चढवली की जहाज अपेक्षेपेक्षा जास्त कलले. तोफांच्या खिडक्या उघड्या राहिल्या होत्या. त्यांतून पाणी शिरले आणि जहाज बुडाले. जॉर्ज लोदरला १७२३ मध्ये ब्लांक्विया बेटावर ‘ईगल’ या स्लूपने गाठले तेव्हा त्याची शिडे उतरवलेली आणि तोफा किनाऱ्यावर होत्या. लढायलाही जहाज नाही आणि पळायलाही नाही.

स्टीड बॉनेट या चाच्याची गोष्ट यातच बसते. त्याचा ‘रॉयल जेम्स’ हा स्लूप गळू लागला म्हणून तो केप फिअर नदीत दुरुस्तीला थांबला होता. सप्टेंबर १७१८ च्या शेवटी त्याला पकडायला कर्नल विल्यम रेट आठ-आठ तोफांचे ‘हेन्री’ आणि ‘सी निम्फ’ हे दोन स्लूप घेऊन आला. २७ तारखेला पहाटे बॉनेटने निसटायचा प्रयत्न केला आणि तिन्ही स्लूप वाळूत रुतले. ‘हेन्री’ आणि ‘रॉयल जेम्स’ यांच्यातले अंतर पिस्तुलाच्या टप्प्याचे. ओहोटीबरोबर दोन्ही एकाच दिशेला कलले. बॉनेटचा डेक शत्रूपासून पलीकडे झुकला, म्हणून त्याची माणसे कुशीच्या आड सुरक्षित. रेटचा डेक मात्र ताटासारखा शत्रूच्या समोर उघडा पडला. पाच-सहा तास दोघेही जागचे हलू शकले नाहीत, गोळ्या तेवढ्या चालल्या आणि रेटची माणसे पडत राहिली. निकाल भरतीने लावला: पाणी आधी ‘हेन्री’खाली शिरले, तो तरंगला, आणि बॉनेटने शरणागती पत्करली. चित्रकाराला हवे तर हे दृश्य घ्यावे. कललेले दोन स्लूप, चिखल आणि चढणारे पाणी.

गॅलिऑनबद्दल थोडक्यात. ते सोळाव्या आणि सतराव्या शतकातले स्पॅनिश जहाज. चाचे त्याच्या मागे लागत, त्यावर राहत नसत. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे सुकाणूचे मोठे गोल चाक. ते अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोठ्या जहाजांवर येऊ लागले. स्लूपवर सुकाणूला जोडलेला साधा लाकडी दांडा असे.

राहिला ‘गलबत’ हा शब्द. तो आज कुठल्याही जहाजाला लावला जातो, पण त्या काळात ते एका ठरावीक जातीचे नाव होते. सभासदाच्या बखरीत गुराबा, तरांडी, तारवे, गलबते, शिबाडे, पगार अशी नावे वेगवेगळी मोजली आहेत. गुराब रुंद, कमी पाणी लागणारी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची. दोन डोलकाठ्यांची दीडशे टनांपर्यंत, तीनची तीनशेच्या आसपास. तिची नाळ पुढे लांब निघालेली आणि तिथून सरळ समोर मारा करणाऱ्या नऊ ते बारा पौंडी दोन तोफा. पाठलाग करताना जहाज वळवावे लागत नाही, हा तिचा मोठा गुण. गलबत त्याहून लहान, फार तर सत्तर टन, एक प्रचंड त्रिकोणी शीड, चाळीस-पन्नास वल्ही आणि दोन ते चार पौंडी गोळ्याच्या सहा-आठ तोफा. वारा पडला की गलबते वल्ह्यांवर गुराबांना ओढून शत्रूपर्यंत नेत. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तर गुराबा फार थोर किंवा फार लहान न करता मध्यम कराव्यात आणि वाऱ्याविना निरुपयोगी ठरणारी मोठी जहाजे बांधूच नयेत, असे स्पष्ट लिहिले आहे. जवळपास त्याच वर्षांत कॅरिबियन समुद्रातले लोक वाळूच्या दांड्यांवरून हाच धडा शिकत होते.

आपल्या लेखाने कान्होजी आंग्रे यांनाही इंग्रजांच्या कागदांवरून चाच्यांच्या यादीत बसवले आहे, त्याबद्दल तीव्र हरकत नोंदवतो. ते मराठी आरमाराचे सरखेल होते आणि दस्तक, म्हणजे परवाना, न घेता जाणाऱ्या जहाजांवर कारवाई करणे हा त्यांच्या कारभाराचा भाग होता. मादागास्करच्या चाच्यांचा बंदोबस्त करायला म्हणून इंग्लंडहून निघालेला कमोडोर मॅथ्यूज १७२१ च्या अखेरीस पोर्तुगीजांसह अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आला आणि हात हलवत परतला.

तरी विनंती अशी: लेख संकेतस्थळावर ठेवताना ओक्राकोकचे चित्र बदलावे; ‘क्वीन ॲन्स रिव्हेंज’ला गॅलिऑन म्हटले आहे तिथे ‘तीन डोलकाठ्यांचे, मूळचे गुलामवाहू जहाज’ असे करावे; बॉनेटच्या आणि रॅकमच्या जहाजांना स्लूप म्हणावे; किडच्या जहाजाची ४६ वल्ही चित्रात दिसू द्यावीत; आणि ‘गलबत’ हा शब्द कोकण किनाऱ्यावरच्या त्या वल्ह्यांच्या नावेसाठी राखून ठेवावा. चित्रकारांना स्लूप, ब्रिगँटाइन, स्नो आणि गुराब यांच्या शिडांची रेखाटने हवी असतील तर ती करून द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
शिडाच्या जहाजांचे काही अभ्यासक वाचक